दोन चित्रांची तुलना करण्याआधी : विदर्भातल्या एमआरआय केंद्रांना आणि रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना खुले पत्र

विदर्भातले माननीय रेडिओलॉजिस्ट डॉक्टर, एमआरआय केंद्रांचे चालक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या रेडिओलॉजी विभागांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

मी एमआरआय तंत्रज्ञ आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलो. शिक्षण आणि नोकरी दोन्ही विदर्भातच. पेशंटच्या अंगावरचा धातू उतरवून घेणे, डोक्याला कॉईल (मेंदूकडून येणारा संदेश टिपणारा साचा) लावणे, स्लाईस म्हणजे चित्राचे पातळ काप कुठून कुठपर्यंत घ्यायचे ते आखणे आणि मशीन सुरू करणे हे माझे काम. रिपोर्ट तुम्ही लिहिता. तरीही मी रिपोर्टबद्दलच लिहितो आहे, कारण चित्र कोणत्या परिस्थितीत तयार झाले ते आम्ही तंत्रज्ञ डोळ्यांनी पाहतो आणि त्यातले फारच थोडे कागदावर उतरते.

माझे मागणे असे आहे. मेंदूच्या दोन एमआरआयमध्ये फरक दिसला, तर तो मेंदूत झाला, मशीनमुळे झाला की पेशंटच्या त्या दिवसाच्या अवस्थेमुळे, हे पुढच्या डॉक्टरला ठरवता येईल एवढी माहिती प्रत्येक रिपोर्टसोबत द्या. आणि फेरतपासणी होता होईल तो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करा.

मोठ्या शहरात ही अडचण कमी जाणवते. तिथला पेशंट एका डॉक्टरला धरून असतो आणि डॉक्टर एका केंद्राला. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाचा पहिला एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. दुसरा सहा महिन्यांनी, जिथे सरकारी आरोग्य योजनेत बसेल किंवा जिथे लवकर तारीख मिळेल तिथे. तिसरा नागपूरला नाहीतर वर्ध्याकडे. तीन कंपन्यांची तीन मशीन, चुंबकाची ताकद वेगळी, स्लाईसची जाडी वेगळी. पेशंटच्या हातात मात्र एक प्लास्टिकची थैली, तिच्यात एकमेकींना चिकटलेल्या फिल्म आणि घडी पडलेले रिपोर्ट. सीडी दिलेली असली तर ती चरे पडलेली असते किंवा घरीच राहिलेली असते. या थैलीच्या भरवशावर ‘मागच्या तपासणीच्या तुलनेत’ हे शब्द लिहिले जातात.

हे पत्र पेशंटच्या घरचेही वाचतील, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ठरलेला आकडा असतो. पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००. त्यामुळे भामरागडच्या पेशंटचा सीटी आणि मुंबईच्या पेशंटचा सीटी बऱ्याच अंशी एकाच पट्टीवर वाचता येतो. एमआरआयच्या रोजच्या चित्रांना अशी पट्टी नाही. तिथे पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून आलेला संदेश मोजला जातो. तो किती जोराचा येईल हे चुंबकाची ताकद, कॉईल, तंत्रज्ञाने निवडलेल्या वेळा आणि डोके कॉईलमध्ये किती आत गेले आहे, या सगळ्यांवर ठरते. एखादी जागा पांढरी दिसते ती शेजारच्या जागेपेक्षा पांढरी, एवढाच त्याचा अर्थ.

चुंबकाचेच घ्या. त्याची ताकद टेस्लामध्ये मोजतात. १.५ टेस्लाच्या मशीनवर हायड्रोजनची केंद्रे सुमारे ६३.९ मेगाहर्ट्झला साद देतात, ३ टेस्लावर सुमारे १२७.७ मेगाहर्ट्झला. ताकद वाढली की चित्र स्वच्छ होते, बारीक डाग जास्त सापडतात. पण त्याबरोबर मेंदूच्या ऊतींचे गुणही वेगळे मोजले जातात. मेंदूच्या करड्या भागाचा टी-१ काळ (रेडिओ लहरीने ढळलेली केंद्रे पुन्हा जागेवर यायला लागणारा वेळ) १.५ टेस्लावर साधारण १.१ ते १.२ सेकंद भरतो, ३ टेस्लावर तो दीड सेकंदाच्या पुढे जातो. मेंदू तोच, माणूस तोच. शिवाय ३ टेस्लावर रेडिओ लहरीची डोक्याच्या आतली लांबी जवळजवळ डोक्याच्या आकाराएवढी होते, म्हणून चित्राचा मधला भाग उजळ आणि कडा मंद दिसू शकतात. चुंबकाच्या टोकाकडे सरळ रेघ किंचित वाकते. ती सरळ करणारी दुरुस्ती एका केंद्रात चालू असते, दुसऱ्यात बंद. यातले फारसे काही फिल्मवर वाचता येत नाही.

आता ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो त्या गोष्टीकडे येतो : स्लाईसची जाडी आणि दोन स्लाईसच्या मधली सोडलेली जागा.

झरी-जामणीकडचा एक बाप आपल्या पोराला घेऊन आला होता. पोराला झटके यायचे. पहिल्या एमआरआयमध्ये मेंदूत एक गाठ दिसली होती, कडेने चमकणारी. आपल्या भागात अशी गाठ दिसली की दोन शक्यता आधी मनात येतात : क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची. (ही अळी डुक्कर खाणाऱ्यालाच होते असा समज अजून घट्ट आहे. तिची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून आणि हातांतून शाकाहारी घरातही पोचतात.) औषध सुरू झाले. काही महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात फेरतपासणी झाली आणि रिपोर्टमध्ये आले की गाठींची संख्या वाढली आहे. बाप म्हणाला, “औषध तं रोज देऊन राह्यलो साहेब, चुकलो नाही एकही दिवस. मंग वाढली काहून?” नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या खर्चासाठी घरी बैलजोडी विकायचे बोलणे सुरू झाले होते.

पहिला एमआरआय १.५ टेस्लावर, ५ मिलिमीटरच्या स्लाईसने, मध्ये जागा सोडून झाला होता. दुसरा ३ टेस्लावर, १ मिलिमीटरच्या सलग स्लाईसने. ‘नव्या’ गाठी ज्या पातळीवर होत्या ती पातळी जुन्या फिल्मवर दोन स्लाईसच्या मधल्या पट्टीत येत होती. म्हणजे तिथे काय होते ते पहिल्या वेळी कोणी बघितलेच नव्हते. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी त्याच ३ टेस्लाच्या मशीनवर, त्याच पद्धतीने पुन्हा तपासणी केली. गाठी तितक्याच होत्या आणि आकसत होत्या. मधले महिने त्या घराने कसे काढले असतील, ते मला त्या बापाच्या चेहऱ्यावर दिसत होते.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांना दिसले तेच लिहिले होते. ‘आधीची तपासणी जाड स्लाईसची आणि कमी ताकदीच्या मशीनवरची आहे, त्यामुळे संख्येची तुलना होऊ शकत नाही’ एवढे एक वाक्य जोडले गेले असते, तर त्या घरावर ती पाळी आली नसती.

जाड स्लाईसमध्ये आणखीही एक होते. ५ मिलिमीटरच्या कापात करडा भाग, पांढरा भाग आणि पाणी एकाच ठिपक्यात मिसळतात आणि त्यांचा सरासरी रंग दिसतो. फीतकृमीच्या अळीचे डोके जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. ते दिसले तर क्षयाची शंका बरीचशी मिटते, आणि क्षयाची महिनोन् महिने चालणारी औषधे टळू शकतात. जाड कापात ते हमखास हरवते.

हाच मुद्दा सिकलसेलच्या मुलांबाबत मला फार गंभीर वाटतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती पसरलेला आहे, ते तुम्हाला सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तपासणीला वेग आला ही चांगलीच गोष्ट आहे. पण या मुलांच्या मेंदूत बाहेरून काही लक्षण न दिसता रक्तपुरवठा तुटून छोटे छोटे भाग निकामी होतात, ज्यांना आपण मूक इन्फार्क्ट म्हणतो. पोर अभ्यासात मागे पडते आणि घरचे, कधी कधी शिक्षकही, त्याला आळशी ठरवतात. परदेशात या मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत मूक इन्फार्क्टची व्याख्या अशी धरली होती : फ्लेअर चित्रावर (ज्यात मेंदूभोवतीचे पाणी काळे करून डाग उठून दाखवतात) किमान ३ मिलिमीटरचा डाग, तोही दोन दिशांच्या कापांत दिसणारा. आपण एकाच दिशेने, ५ मिलिमीटरचे, मध्ये जागा सोडलेले फ्लेअर काढतो आणि ‘मेंदू सामान्य’ लिहितो. अशा चित्रावरून ३ मिलिमीटरच्या डागाबद्दल ना ‘आहे’ म्हणता येते, ना ‘नाही’.

आता मशीन सोडून माणसाकडे येतो, कारण फरकाचे अर्धे कारण टेबलावर झोपलेले असते.

मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचे औषध) द्यायचे आहे म्हणून पेशंटला उपाशीपोटी बोलावलेले असते आणि ‘उपाशी’चा अर्थ खेड्यातला माणूस पाणीही घ्यायचे नाही असा धरतो. पहाटेची एसटी पकडून तो येतो, नंबर दुपारी लागतो. आदल्या रात्रीपासून घशाखाली थेंब नाही. २००५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी माणसांना १६ तास पाणी न देता त्यांचा मेंदू मोजला, तेव्हा आकारमान सुमारे ०.५५ टक्के कमी भरले आणि पाणी प्यायल्यावर पुन्हा वाढले. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा फरक इतका ठळक आला नाही, हेही खरे. पण निरोगी माणसाचा मेंदू पस्तिशीनंतर वर्षाला सुमारे ०.२ टक्के आणि साठीच्या सुमारास सुमारे ०.५ टक्के कमी होतो, हे शेजारी ठेवून बघा. एका दिवसाची तहान एका वर्षाच्या म्हातारपणाएवढी दिसू शकते. कापूस खरेदीला आधी ओलावा बघतात, मग वजनाचे बोलतात. मेंदूचे आकारमान मोजताना आपण तेवढेही विचारत नाही.

सकाळच्या आणि संध्याकाळच्या तपासणीतही मेंदूचे मोजलेले आकारमान थोडे वेगळे येते, सकाळी किंचित जास्त. स्टिरॉइड सुरू असेल तर सूज ओसरून मेंदू आकसल्यासारखा दिसतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत असेच होते. पेशींचा नाश झालेला नसतानाही आकारमान घटते. आता काही केंद्रे संगणकाने काढलेला हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मरणशक्तीशी जोडलेल्या भागाचा) आकार टक्क्यांत छापून देऊ लागली आहेत. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे पाहून घरच्यांना वाटते की ही सोन्याच्या तराजूवरची मोजणी आहे. त्या दिवशी आजोबा पाणी प्यायले होते का, डोके हलले का, मशीनचे सॉफ्टवेअर मधल्या काळात बदलले का, यातले काहीही त्या कागदावर नसते.

पाण्याचा मुद्दा सिकलसेलच्या पोराच्या बाबतीत मोजणीपुरता राहत नाही. त्याला तहानलेले ठेवणे म्हणजे दुखण्याच्या झटक्याला आमंत्रण. माझी हात जोडून विनंती आहे, तारीख देतानाच मराठीत, आणि गरज असेल तिथे गोंडी-माडियात, स्पष्ट सांगा : जेवायचे कधी थांबायचे आणि पाणी कधीपर्यंत प्यायचे. सिकलसेलच्या मुलांना सकाळचा पहिला नंबर द्या.

लहान पोरे हलतात. मोठी माणसेही हलतात. खोकला असतो, पाठ दुखते, त्या आवाजाची भीती वाटते. चित्र पूर्ण खराब झाले तर आम्ही पुन्हा काढतो. घात करते ती थोडी हालचाल, जी डोळ्याला खुपत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी लोकांना मुद्दाम डोके हलवायला लावले, तर करड्या भागाची जाडी आणि आकारमान खऱ्यापेक्षा कमी मोजले गेले. ज्याचे डोके जास्त हलते त्याचा मेंदू जास्त झिजलेला दिसतो. कंपवाताच्या किंवा विसराळूपणाच्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये ही चूक नेमकी रोगाच्या दिशेनेच ओढते.

पोराला भूल दिली तर हालचाल थांबते, पण भुलीसोबत नळीतून दिलेल्या जास्त ऑक्सिजनमुळे फ्लेअरवर मेंदूच्या वळ्यांमधले पाणी पांढरे दिसू शकते. बघणाऱ्याला वाटावे मेंदूज्वर आहे किंवा रक्तस्राव. भूल दिली होती आणि ऑक्सिजन सुरू होता, ही दोन वाक्ये रिपोर्ट लिहिणाऱ्यापर्यंत पोचायला हवीत. कॉन्ट्रास्टचेही तसेच. सुई दिल्यावर लगेच चित्र काढले तर गाठीची कड फिकी चमकते, पाच-दहा मिनिटे थांबले तर जास्त. एका केंद्रात थांबतात, दुसऱ्यात बाहेर रांग असते म्हणून थांबत नाहीत. मग कड ‘जास्त चमकू लागली’ असे लिहिले जाते आणि औषध बदलते.

मशीनची तब्येत हा तर न बोलला जाणारा विषय. उन्हाळ्यात मशीन थंड ठेवणारा चिलर दमतो. तास न् तास चालून मशीन तापले की चुंबकक्षेत्र किंचित सरकते. कॉईलचा एक भाग निकामी झाला तरी चित्र येत राहते, फक्त एका बाजूला मंद. खोलीचे दार नीट बसले नाही तर बाहेरच्या रेडिओ लहरींची रेघ चित्रावर उमटते. एक्स-रे आणि सीटीच्या यंत्रांची गुणवत्ता-तपासणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनी करावी लागते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, म्हणून तो त्या नियमांत येत नाही. किरणांचा धोका नाही हे खरे, पण चुकीच्या चित्राचा धोका उरतोच आणि तो तपासायला कोणी येत नाही. फँटम नावाचे, ठरलेल्या मापाचे आणि ठरलेल्या द्रावणाने भरलेले भांडे मशीनमध्ये ठेवून चित्र काढायचे आणि लांबी, उजळपणा, स्लाईसची जाडी मोजून वहीत लिहायची, एवढे हे काम आहे. मापात दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की इंजिनिअरला बोलवायचे. बऱ्याच ठिकाणी फँटम कपाटात असते आणि इंजिनिअर आला की तेवढ्यापुरते बाहेर निघते.

जगात हे कोणाला माहीत नाही असे नाही. अमेरिका आणि कॅनडात २००४ मध्ये अल्झायमरचा मोठा अभ्यास सुरू झाला, तेव्हा पन्नासहून जास्त केंद्रांसाठी आधी मशीनगणिक पद्धत ठरवली गेली, फँटम ठरवले गेले, मग पेशंट टेबलावर आले. एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गटाने २०१९ मध्ये तीन सिक्वेन्सची (चित्र काढण्याच्या पद्धतींची) शिफारस केली : १ मिलिमीटरचे सलग टी-१, १ मिलिमीटरचे सलग फ्लेअर आणि हिप्पोकॅम्पसच्या काटकोनात घेतलेले बारीक टी-२. ही १.५ टेस्लावरही काढता येतात. वेगवेगळ्या मशीनचा फरक गणिताने पुसून टाकणाऱ्या पद्धतीही निघाल्या आहेत, पण त्या शेकडो-हजारो चित्रांच्या अभ्यासासाठी आहेत. झरी-जामणीच्या एका पोराच्या दोन तपासण्या त्यांनी जुळत नाहीत.

केंद्र चालवणारे म्हणतील, पेशंटची रांग बाहेर रस्त्यापर्यंत आहे, वेळ कुठून आणायचा? रांग मी रोज बघतो. सलग फ्लेअर आणि सलग टी-१ मिळून मशीनप्रमाणे दहा-बारा मिनिटे लागतात. त्या बदल्यात काही जाड सिक्वेन्स गाळता येतात, कारण सलग चित्रातून हव्या त्या दिशेचा काप नंतर काढता येतो. सगळ्याच पेशंटना हे लागत नाही. झटके येणारे, कडेने चमकणाऱ्या गाठीची फेरतपासणी असणारे आणि सिकलसेलची मुले, या तीन गटांपासून सुरुवात करा. विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांनी एकत्र बसून या तीन गटांसाठी एकच पद्धत ठरवली, तर खाजगी केंद्रेही ती घेतील. मशीन कंपन्यांचे लोक ती प्रत्येक मशीनवर बसवून देऊ शकतात, ते अवघड नाही.

रिपोर्टच्या वरच्या भागात चार ओळी छापा. मशीन किती टेस्लाचे, स्लाईस किती जाडीची आणि मध्ये जागा किती. कॉन्ट्रास्ट किती दिले आणि किती मिनिटांनी चित्र घेतले. भूल, ऑक्सिजन, स्टिरॉइड, हालचाल. आणि आधीच्या तपासणीची मूळ चित्रे पाहून तुलना केली, फिल्म पाहून केली, की नुसता जुना रिपोर्ट वाचून केली. शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुलना होण्यासारखी नसेल तर तसे लिहिण्यात कमीपणा नाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती, फेरतपासणीची चिठ्ठी देताना पहिला एमआरआय जिथे झाला त्याच केंद्राचे नाव लिहा आणि योजनेच्या मंजुरीत ते बदलू देऊ नका. केंद्रांना विनंती, फिल्मसोबत मूळ डिजिटल चित्रे द्याच. सीडी वाचायला आता नव्या लॅपटॉपमध्ये जागाही नसते. पेनड्राइव्हवर किंवा लिंकवर द्या, पेशंटच्या आभा क्रमांकाशी (सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाशी) जोडा. चित्र घेताना निवडलेल्या जाडीपासून वेळांपर्यंत सगळे त्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेले असते. फिल्मच्या कोपऱ्यात त्यातले मोजकेच छापले जाते आणि तेही वाचायला भिंग लागते.

तंत्रज्ञाने तपासणीच्या वेळी भरायचा अर्ध्या पानाचा मराठी तक्ता मी तयार केला आहे. शेवटचे पाणी कधी प्यायले, डोके किती हलले, सुई किती वाजता दिली, कॉईल कोणती, असे साधे रकाने आहेत; भरायला दोन मिनिटे पुरतात. जो विभाग किंवा जे केंद्र मागेल त्याला पाठवीन. विभागप्रमुखांनी बैठक बोलावली तर रजा काढून येईन आणि बरोबर आणखी तंत्रज्ञांना आणीन. कुठल्या मशीनवर कोणती पद्धत जमेल ते तिथेच बसून ठरवता येईल. येत्या उन्हाळ्याच्या आत ही बैठक व्हावी, एवढे मागून थांबतो.

आपला नम्र,
एक एमआरआय तंत्रज्ञ
यवतमाळ जिल्हा